कर्नल ड्रायव्हरमधलं भगदाड: तीन ओळींचा फिक्स पुरेल का?

शून्यपत्ता (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे वर्षभर नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

मी एका यूएसबी उपकरणाचा लिनक्स ड्रायव्हर (उपकरण आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, यांना जोडणारा कोड) सांभाळतो. उपकरण सेन्सरचे आकडे गोळा करतं, ड्रायव्हर ते कर्नलच्या मेमरीतल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठवणीच्या जागेत) ठेवतो, वरचा प्रोग्रॅम ते उचलतो. एवढंच काम. ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही, आमच्या कंपनीचा वेगळा आहे. मूळ लिहिणारा केव्हाच सोडून गेला, मला तो वारशात मिळाला.

गेलं वर्षभर ग्राहकांकडून अधूनमधून 'मशीन आपोआप रीस्टार्ट झालं' अशा तक्रारी येत होत्या. दीड-दोन महिन्यांतून एखादी. दर वेळी आम्ही 'हार्डवेअर तपासा' असं लिहून ती बंद करायचो. मागच्या आठवड्यात हाताला काम नव्हतं म्हणून केसॅन चालू करून कर्नल बिल्ड केला (माहीत नसणाऱ्यांसाठी: कर्नलच्या मेमरी वापरावर पहारा ठेवणारी सोय, मशीन चांगलंच मंदावतं पण चोर सापडतो) आणि आमचीच जुनी चाचणी चार थ्रेड (एकाच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या वाटा) लावून रात्रभर सोडून दिली. सकाळी लॉगमध्ये अहवाल पडलेला: यूज-आफ्टर-फ्री. फ्री केलेली (वापर संपवून कर्नलला परत दिलेली) मेमरी आमचाच कोड पुन्हा वाचत होता.

कोड इथे टाकता येणार नाही, शब्दांत सांगतो. प्रत्येक बफरला एक आकडी हँडल असतं. कुठलं हँडल कुठल्या बफरचं ते एका तक्त्यात, आणि तक्त्यावर एक म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला धरता येणारं लॉक). 'वाच' हा आयऑक्टल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला दिलेला हुकूम) आला की म्युटेक्स घ्यायचा, हँडल शोधायचं, पॉइंटर (बफरचा मेमरीतला पत्ता) मिळाला की म्युटेक्स सोडायचा आणि मग त्या पॉइंटरवरून माहिती वरच्या प्रोग्रॅमला कॉपी करायची. 'सोड' आला की म्युटेक्स घ्यायचा, तक्त्यातून नोंद काढायची, म्युटेक्स सोडायचा, बफर फ्री करायचा.

आता एक थ्रेड 'वाच' मध्ये म्युटेक्स सोडून कॉपीकडे निघाला आणि तेवढ्यात दुसऱ्याने 'सोड' म्हटलं, तर पहिल्याच्या हातात शिळा पॉइंटर उरतो.

माझा फिक्स असा: बफरच्या स्ट्रक्चरमध्ये (त्याची माहिती असलेल्या, त्याच्याबरोबरच फ्री होणाऱ्या रचनेत) 'मरतोय' नावाचा फ्लॅग (हो-नाही सांगणारी खूण) घातला. 'सोड' फ्री करण्याआधी तो उभारतो, 'वाच' कॉपीआधी तो तपासतो. तीन ओळी. चाचणी पुन्हा रात्रभर चालवली, केसॅन गप्प. उद्या मर्ज करायचा (मुख्य कोडमध्ये मिसळायचा) विचार आहे. कुणाला काही खटकतंय का?

तिरकस | सोमवार, रात्री ११:०५

फ्लॅग बफरच्या स्ट्रक्चरमध्येच आहे ना? म्हणजे मेलेल्या माणसाला 'तुम्ही गेलात का हो?' असं विचारताय, आणि तो 'नाही' म्हणाला की निश्चिंत मनाने पुढे जाताय.

नवशिका_२ | सोमवार, रात्री ११:२०

प्रश्न बाळबोध आहे, पण विचारतो. ड्रायव्हर क्रॅश झाला तर मशीन रीस्टार्ट होतं, हे समजलं. त्रास आहे, मान्य. पण याला 'सुरक्षेचं भगदाड' का म्हणायचं? आणि ड्रायव्हर म्हणजे कर्नल थोडाच?

जुनं खोड | मंगळवार, सकाळी ७:१५

@नवशिका_२, बाळबोध नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलच्याच मेमरीत, कर्नलच्याच अधिकाराने चालतो. मध्ये भिंत नाही. चुकलेला ड्रायव्हर फाइलसिस्टीमच्या मेमरीत लिहायला लागला तर त्याला अडवणारं कुणी नाही. त्यामुळे ड्रायव्हरमधलं भोक हे कर्नलमधलंच भोक.

आता क्रॅश आणि भगदाड यातला फरक. मेमरी फ्री झाली म्हणजे ती जागा रिकामी पडून राहत नाही. कर्नल एकसारख्या मापाच्या वस्तू एकेका कप्प्यात ठेवतो, आणि मोकळा झालेला कप्पा पुढच्या मागणीला लगेच देऊन टाकतो. हल्लेखोर काय करतो, बफर सोडायला लावतो, आणि त्याच क्षणी कर्नलकडून त्याच मापाची दुसरी कुठली तरी वस्तू मागून घेतो, जिच्यातला मजकूर त्याच्या हातात आहे. आता 'वाच' चा थ्रेड ज्याला बफर समजतोय ते खरं तर हल्लेखोराने भरलेलं काहीतरी आहे. त्यात 'माहिती अमुक पत्त्यावर आहे' असा पॉइंटर असेल तर तो पत्ता हल्लेखोर ठरवणार, आणि तुमचा ड्रायव्हर इमानेइतबारे तिथली मेमरी कॉपी करून वर देणार. नुसत्या वाचण्यातून कर्नलची गुपितं बाहेर. असंच लिहिण्याचं आयऑक्टल असेल तर साधा युजर रूट (मशीनवर सर्वाधिकार असलेला युजर) होतो. ग्राहकाकडे मशीन रीस्टार्ट झालं तो नशिबाचा भाग समजा, तिथे कुणी मुद्दाम कप्पा भरायला बसलं नव्हतं.

@शून्यपत्ता, तिरकसने नेमकं बोट ठेवलंय. आणि समजा फ्लॅग स्ट्रक्चरबाहेर ठेवलात, तरी तपासणी आणि कॉपी यांच्यामध्ये फट उरतेच. तपासलं, 'जिवंत आहे', आणि पुढच्या सूचनेआधी दुसऱ्या थ्रेडने फ्री केलं. तुम्ही फट अरुंद केलीत, बुजवली नाहीत. केसॅन गप्प बसला तो म्हणूनच. जे त्या रात्री घडलं नाही ते त्याला दिसणार कसं?

वाचकमात्र | मंगळवार, सकाळी ९:३०

'हार्डवेअर तपासा' वरून आठवलं. लिनक्स कर्नलमधलं २०२२ सालचं डर्टी पाइप हे भगदाड (सीव्हीई, म्हणजे जाहीर भगदाडांच्या यादीतला क्रमांक, २०२२-०८४७) असंच सापडलं होतं. मॅक्स केलरमन यांच्याकडे एप्रिल २०२१ मध्ये तक्रार आली की डाउनलोड केलेली जीझिप लॉग फाइल उघडत नाही, चेकसम (फाइल शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) चुकतोय. फाइल दुरुस्त केली, तक्रार बंद. पुन्हा आली, पुन्हा बंद. शेवटी त्यांनी सगळ्या बिघडलेल्या फाइली शेजारी ठेवून बघितल्या, तर बिघाड दर वेळी शेवटच्या ८ बाइटमध्ये आणि बहुतेक महिनाअखेरच्या फाइलीत. आणि त्या ८ बाइटची सुरुवात 'पीके' या दोन अक्षरांनी, म्हणजे झिप फॉरमॅटच्या सूचीची खूण. झिप बनवणारा प्रोग्रॅम त्या फाइली फक्त वाचत होता, लिहीत नव्हता. मग लिहिलं कुणी? कर्नलने.

कारण एवढंच की पाइपच्या (एका प्रोग्रॅमची माहिती दुसऱ्याला देणाऱ्या नळीच्या) बफरमध्ये फ्लॅग्जचा रकाना शून्य करायचा राहून गेला होता. जुन्या वापरातला 'यात पुढे भर घातली तरी चालेल' हा फ्लॅग तसाच शिल्लक राही, आणि पाइपमध्ये लिहिलेलं थेट फाइलच्या पेज कॅशमध्ये (कर्नलने मेमरीत ठेवलेल्या प्रतीत) जाई. फाइल फक्त वाचायची परवानगी असली तरी. रकाना शून्य न करण्याची चूक २०१६ पासूनची होती, पण ती धोकादायक झाली २०२० मध्ये, आवृत्ती ५.८ मध्ये, दुसऱ्याच एका साफसफाईमुळे. फिक्स: दोन ठिकाणी 'फ्लॅग्ज = ०'. दोन ओळी!

तेव्हा ओळी कमी आहेत म्हणून शून्यपत्तांना हिणवू नका.

तिरकस | मंगळवार, सकाळी ९:४५

हिणवलं कुठे? उपमा दिली.

शून्यपत्ता | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

पटलं. मर्ज थांबवला. (बॉसला सांगितलं 'रिव्ह्यू चालू आहे'. खोटं नाही ना?)

दुसरा प्रयत्न: फ्लॅग काढून टाकला. 'वाच' आता हँडल शोधण्यापासून कॉपी संपेपर्यंत म्युटेक्स हातातच ठेवतो. 'सोड' मध्येही फ्री म्युटेक्सच्या आत. म्हणजे दोघं एकाच वेळी आत येऊच शकत नाहीत. आता फट कुठे आहे दाखवा.

नवशिका_२ | मंगळवार, रात्री ८:१०

@जुनं खोड, धन्यवाद, पहिल्यांदा नीट कळलं. अवांतर: याला मराठीत काय म्हणायचं? 'भेद्यता' की 'असुरक्षितता'?

कंसातला | मंगळवार, रात्री ८:२५

'भेद्यता' हा शब्द सरकारी परिपत्रकातून पळून आल्यासारखा वाटतो. भगदाड उत्तम. बुजवता तरी येतं.

कासवी | मंगळवार, रात्री ९:५५

@शून्यपत्ता, फट बुजली, पण दाराला कुलूप लागलं आणि किल्ली आत राहिली.

तुमचा ड्रायव्हर एमॅप देतो का? म्हणजे वरच्या प्रोग्रॅमला बफर थेट त्याच्या मेमरीत जोडून घेता येतो का? आणि त्या एमॅपच्या फंक्शनमध्ये हाच म्युटेक्स घेतला आहे का? असेल तर लॉकडेप (लॉक कुठल्या क्रमाने घेतली जातात ते तपासणारी कर्नलची सोय) चालू करून बघा. माझा अंदाज, पाच मिनिटांत ओरडेल.

कारण असं. एमॅपचं फंक्शन बोलावताना कर्नलने त्या प्रोसेसचं मेमरी नकाशाचं लॉक आधीच घेतलेलं असतं. मग तुम्ही तुमचा म्युटेक्स मागता. उलट 'वाच' मध्ये तुम्ही आधी म्युटेक्स घेता, मग युजरच्या मेमरीत कॉपी करता. ते पान (मेमरीचा तुकडा) जागेवर नसेल तर पेज फॉल्ट, आणि पेज फॉल्टला हवं असतं तेच नकाशाचं लॉक. एकाने अ धरून ब ची वाट बघायची, दुसऱ्याने ब धरून अ ची. दोघं जन्मभर उभे.

दुसरं. कॉपी पटकन होते हा समज आधी सोडा. हल्लेखोर कॉपीचा पत्ता असा देऊ शकतो की ते पान फ्यूज, म्हणजे साध्या प्रोग्रॅमने चालवलेल्या, फाइलसिस्टीमवरच्या फाइलीतून यावं. त्या फाइलसिस्टीमचा प्रोग्रॅम त्याचाच. तो दहा सेकंद उत्तर देत नाही. तुमचा थ्रेड कॉपीच्या मधोमध दहा सेकंद लटकलेला. पूर्वी यूजरफॉल्टएफडी (पेज फॉल्ट प्रोग्रॅमच्या हाती देणारी सोय) वापरून हे सर्रास करायचे. कर्नल ५.११ पासून साध्या युजरसाठी त्याला वेसण घातली, पण फ्यूजचा रस्ता राहिला. म्हणजे तुमच्या मूळ कोडमधली ती 'दीड-दोन महिन्यांतून एकदा लागणारी' फट हल्लेखोर हवी तितकी रुंद करू शकत होता. आणि आताच्या कोडमध्ये तो तुमचा म्युटेक्स हवा तितका वेळ अडवून धरू शकतो.

शून्यपत्ता | मंगळवार, रात्री ११:३०

पाच नाही, दोन मिनिटं लागली. 'वर्तुळाकार लॉक अवलंबन शक्य' असा लॉकडेपचा दोन पानी अहवाल. खरा डेडलॉक झालाही नाही, नुसत्या क्रमावरून त्याने ओळखलं. दंडवत. तुम्हाला आणि लॉकडेपला.

मग आता करायचं काय? म्युटेक्स धरावा तर पंचाईत, सोडावा तर पंचाईत.

जुनं खोड | बुधवार, सकाळी ६:४०

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच म्युटेक्सला सांगताय. एक, तक्ता कुणी मध्येच बदलू नये. दोन, मी वापरतोय तोवर बफर मरू नये. पहिलं काम म्युटेक्सचं. दुसरं काम रेफरन्स काउंटचं (किती जण वापरताहेत त्याच्या मोजणीचं).

बफरमध्ये केरेफ (कर्नलमधला तयार रेफरन्स काउंट) घाला. तक्त्यात नोंद आहे म्हणून तक्त्याचा एक. 'वाच' ने म्युटेक्स धरून हँडल शोधलं की म्युटेक्स सोडण्याआधी आपला एक वाढवायचा, मग सोडायचा, निवांत कॉपी करायची, शेवटी आपला एक कमी करायचा. 'सोड' ने फ्री करायचंच नाही. नोंद काढायची आणि तक्त्याचा एक कमी करायचा. जो शून्यावर आणेल तो फ्री करेल, मग तो कुणीही असो.

आकडा वाढवणं म्युटेक्सच्या आतच हवं, ते विसरू नका. कर्नलच्या केरेफच्या दस्तऐवजात तिसरा नियम हाच आहे: तुमच्याकडे आधीपासून वैध रेफरन्स नसेल तर वाढवताना दुसरीकडे कमी होणार नाही याची सोय लॉकने करा. म्युटेक्स सोडून मग वाढवलात तर मूळ बगच नव्या कपड्यांत परत येईल. रिव्ह्यूमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

आणि फिक्स चुकला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. डर्टी काऊ आठवतंय का, ऑक्टोबर २०१६? कॉपी-ऑन-राइटमधली (लिहायची वेळ आली की मगच प्रत काढण्याच्या पद्धतीतली) रेस, म्हणजे दोन थ्रेडमधली शर्यत. फक्त वाचायला मिळालेल्या फाइलीत लिहिता यायचं. लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हल्ड्सने स्वतःच पॅचच्या (कोडमधल्या बदलाच्या) संदेशात कबूल केलं की हा बग त्याने अकरा वर्षांपूर्वी एकदा दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तोही वाईट, आणि एस३९० (आयबीएमच्या मेनफ्रेम) वर अडचण आली म्हणून तो मागे घेतला गेला. २०१६ च्या फिक्सचा तोच तर्क पुढे मोठ्या पानांसाठी लावला, तिथे चूक राहिली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये 'ह्यूज डर्टी काऊ' म्हणून तिला वेगळा सीव्हीई मिळाला. तुमचा हा फक्त तिसरा प्रयत्न.

वाचकमात्र | बुधवार, सकाळी ८:००

वाखूसा (वाचनखूण साठवली).

तिरकस | बुधवार, दुपारी १:१५

आता 'बनव' चं आयऑक्टल दाखवा. म्हणजे सांगा. बफर बनवताना पायऱ्या कुठल्या क्रमाने आहेत?

शून्यपत्ता | बुधवार, दुपारी २:०५

स्ट्रक्चर मागायचं, तक्त्यात टाकायचं (आयडीआर वापरलाय, तो हँडलचा आकडा देतो), मग बफरची मेमरी मागायची, आकार वगैरे भरायचा, शेवटी हँडल स्ट्रक्चरमधून काढून युजरला कॉपी करायचं. मेमरी मिळाली नाही तर नोंद काढून फ्री. का?

तिरकस | बुधवार, दुपारी २:१०

बारसं आधी, जन्म नंतर.

आयडीआर सर्वांत छोटा मोकळा आकडा देतो. म्हणजे पुढचं हँडल काय येणार ते कुणालाही सांगता येतं. मी एका थ्रेडमध्ये 'बनव' म्हणतो, दुसऱ्यात त्याच आकड्यावर एकसारखं 'सोड, सोड, सोड'. तक्त्यात नोंद पडली रे पडली की माझा दुसरा थ्रेड तक्त्याचा रेफरन्स काढून घेतो, आकडा शून्य, स्ट्रक्चर फ्री. आणि 'बनव' बिचारा अजून त्यात आकार भरतोय. केरेफ असूनही.

कासवी | बुधवार, दुपारी ३:००

+१. हा साचा फार ठिकाणी सापडतो. उपाय: आयडीआरमध्ये आधी फक्त जागा राखायची, पॉइंटर म्हणून नल (रिकामा पत्ता) द्यायचा. मेमरी, आकार सगळं भरून झालं आणि हँडल युजरला कॉपी झालं की सर्वांत शेवटी, म्युटेक्समध्ये, नलच्या जागी खरा पॉइंटर ठेवायचा. मधल्या काळात कुणी ते हँडल शोधलं तर नल मिळेल आणि 'असं हँडल नाही' म्हणून परत जाईल. 'सोड' मध्येही तेच तपासा. नाहीतर राखून ठेवलेली नोंद दुसराच काढून टाकेल आणि तो आकडा तिसऱ्याला मिळेल. आणि तो पॉइंटर ठेवल्यावर 'बनव' ने स्ट्रक्चरला हात लावायचा नाही. एक ओळही नाही, लॉगची सुद्धा.

शून्यपत्ता | बुधवार, रात्री १०:३०

लॉगची ओळ होती. शेवटी. 'बफर तयार, आकार इतका.' काढली.

केरेफ घातला, 'बनव' चा क्रम उलटा केला. पॅच आता दीडशे ओळींच्या आसपास गेलाय. लॉकडेप गप्प, केसॅन गप्प. आठ थ्रेड, त्यातले दोन कासवींनी सांगितल्याप्रमाणे फ्यूजवरच्या पानात कॉपी करणारे. खरं सांगायचं तर मूळ कोडवर हीच चाचणी लावली तेव्हा केसॅनचा अहवाल तीन सेकंदांत आला. वर्षभर ज्याला हार्डवेअर म्हणत होतो तो.

कासवी | गुरुवार, सकाळी ७:५०

मला झोपताना एक आठवलं, सकाळपर्यंत कसंबसं थांबले. एमॅप केलेल्या पानांचं काय होतं? बफर प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडलेला असताना 'सोड' आलं तर? आणि एमॅपमध्ये रीमॅप-पीएफएन वापरलंय का?

शून्यपत्ता | गुरुवार, सकाळी ९:२०

हो, तेच वापरलंय. 'सोड' आल्यावर तक्त्याचा रेफरन्स जातो, आकडा शून्य होतो, पानं फ्री होतात. प्रोग्रॅमने त्याआधी मॅप काढून टाकायला हवा, तसं आमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय.

...लिहिताना मलाच ऐकू आलं मी काय म्हणतोय ते.

जुनं खोड | गुरुवार, सकाळी ९:५०

मॅन्युअल हल्लेखोर वाचतात, पण वेगळ्या कारणासाठी.

हे तुमच्या मूळ भगदाडापेक्षा मोठं आहे. मूळ प्रकारात निदान रेस जिंकावी लागत होती. इथे काहीच नाही. बफर मागा, एमॅप करा, 'सोड' म्हणा, झालं. पानं कर्नलच्या मोकळ्या साठ्यात परत गेली, पण तुमच्या प्रोसेसच्या पेज टेबलमध्ये (कुठल्या पत्त्यावर कुठलं पान त्या यादीत) त्यांचे पत्ते तसेच, लिहिण्याच्या परवानगीसकट. रीमॅप-पीएफएन पानांचा रेफरन्स घेत नाही, ते नुसता पत्ता चिकटवतं. आता ती पानं कर्नल ज्याला देईल त्याची मेमरी तुम्ही बसल्या जागी वाचणार आणि लिहिणार. उद्या त्यात कुणाचं पेज टेबलच आलं तर खेळ खलास.

आणि तुमच्या केसॅनला हे कधीच दिसणार नाही. तो कर्नलच्या कोडने केलेली मेमरी वापरणी तपासतो. इथे लिहितोय तो युजरचा प्रोग्रॅम, आपल्याच वैध वाटणाऱ्या पत्त्यावर.

इलाज: प्रत्येक मॅपिंगने बफरचा एक रेफरन्स धरायचा. व्हीएमएच्या (कर्नलकडच्या मॅपिंगच्या नोंदीच्या) ओपनमध्ये वाढवायचा, क्लोजमध्ये कमी करायचा. पण पहिल्या एमॅपला कर्नल ओपन बोलावत नाही! ओपन येतं ते फोर्क झाल्यावर (प्रोसेसची प्रत निघाल्यावर) किंवा मॅपिंगचे तुकडे झाल्यावर. पहिला रेफरन्स एमॅपच्या फंक्शनमध्ये तुम्हीच घ्यायचा. तो विसरलात तर क्लोजमध्ये एक जास्तीचा कमी होईल, आणि आपण पुन्हा सोमवार रात्रीवर येऊ.

नवशिका_२ | गुरुवार, सकाळी १०:३०

मग फाइल बंद केली की पण हीच भानगड का? म्हणजे एक थ्रेड 'वाच' मध्ये आणि दुसऱ्याने क्लोज म्हटलं तर?

जुनं खोड | गुरुवार, सकाळी १०:४५

छान प्रश्न. तिथे नाही. आयऑक्टल चालू असेपर्यंत त्या उघड्या फाइलचा रेफरन्स कर्नलच धरून असतो. ड्रायव्हरचं रिलीज फंक्शन शेवटचा रेफरन्स गेल्यावरच येतं. मॅपिंगही फाइलला धरून ठेवतं. वरच्या मजल्यावर ज्यांनी हे लिहिलं त्यांनी तुमच्यासाठी केरेफचं काम आधीच करून ठेवलंय.

तिरकस | गुरुवार, सकाळी ११:००

नवशिका_२ हा आयडी आता बदलायला हरकत नाही.

शून्यपत्ता | शुक्रवार, रात्री ९:१५

एमॅपचं झालं. त्यासाठी स्वतंत्र चाचणी लिहिली: मॅप करा, सोडा, नंतर त्या पत्त्यावर काय दिसतं ते वाचा. जुन्या ड्रायव्हरवर दुसऱ्या कुठल्या तरी प्रोसेसच्या मजकुराचे तुकडे दिसले. मी आणि माझा सहकारी बराच वेळ काही बोललो नाही. नव्यावर बफरची आपलीच माहिती दिसते, मॅप काढेपर्यंत.

आता दोन व्यावहारिक प्रश्न. एक: आमची जुनी उपकरणं ४.४ कर्नलवर आहेत. तिथे हाच पॅच जसाच्या तसा चालेल का? दोन: पॅचच्या संदेशात किती लिहायचं? बॉस म्हणतोय 'किरकोळ सुधारणा' असं लिहून मोकळा हो.

कासवी | शुक्रवार, रात्री १०:२०

४.४ ला मुख्य कर्नलकडून २०२२ च्या फेब्रुवारीत निरोप मिळाला. उपकरणं बाहेर आहेत तर तुमच्यापुढे पर्याय नाही हे समजतं, पण ड्रायव्हर बुजवून खालचा कर्नल उघडाच राहतो, हे बॉसच्या कानावर घाला.

पॅच बसेल, पण एक फरक ध्यानात ठेवा. ४.११ पासून केरेफच्या आत रेफकाउंट-टी आहे. तो आकडा वरच्या टोकाला गेला तर तिथेच अडकवून ठेवतो, पुन्हा शून्यावर येऊ देत नाही. ४.४ मध्ये साधा अ‍ॅटॉमिक आकडा आहे. म्हणजे एखाद्या चुकीच्या वाटेवर तुम्ही रेफरन्स कमी करायचा विसरलात, तर नव्या कर्नलवर थोडी मेमरी वाया जाईल, जुन्यावर तेच भगदाड ठरेल. जानेवारी २०१६ चा कीरिंगमधला (कर्नलमधल्या किल्ल्यांच्या जुडग्यातला) बग (सीव्हीई २०१६-०७२८) हाच. एका वाटेवर कीरिंगचा रेफरन्स परत द्यायचा राहिला होता. हल्लेखोराने तीच हाक ४२९ कोटी वेळा मारली, ३२ बिटांचा आकडा फिरून शून्यावर आला, वस्तू फ्री झाली आणि वापर चालूच. फिक्स एका ओळीचा होता. तेव्हा ४.४ साठी बाहेर पडायची प्रत्येक वाट हाताने मोजा. 'वाच' मध्ये चुकीच्या आकाराला लवकर परत जाणारी एखादी वाट असणारच.

शून्यपत्ता | शुक्रवार, रात्री १०:५५

दोन होत्या. एकीत राहिलं होतं.

जुनं खोड | शनिवार, सकाळी ८:३०

संदेशाबद्दल. 'किरकोळ सुधारणा' लिहू नका. हल्लेखोर संदेश वाचत बसत नाहीत, फरक वाचतात. केरेफ घातलेला दिसला की त्यांना काय ते कळतं. गाफील राहतो तो फक्त तुमचा ग्राहक, जो 'किरकोळ' वाचून अपडेट पुढच्या तिमाहीवर ढकलतो. दोन वर्षांनी तुमच्या जागी येणारा माणूसही हाच संदेश वाचेल आणि 'हा केरेफ कशाला?' म्हणून काढून टाकेल. २०२० मधल्या त्या पाइपच्या साफसफाईतही वाईट हेतू नव्हता.

काय तुटलं होतं, कुठल्या दोन वाटा एकमेकींना छेदत होत्या, आणि आता कुठला नियम पाळला जातो, हे लिहा. हल्ल्याची कृती लिहू नका, चाचणीचा प्रोग्रॅम लगेच जाहीर करू नका. मूळ चूक कुठल्या कमिटमध्ये (कोडच्या इतिहासातल्या नोंदीत) आली ते 'फिक्सेस' ओळीत टाका, त्या कमिटच्या खुणेची पहिली १२ अक्षरं आणि शीर्षक. तुमचा ड्रायव्हर बाहेरचा असला तरी ही सवय चांगली, कारण कुठल्या जुन्या आवृत्त्यांना बॅकपोर्ट (नवा फिक्स मागे नेऊन बसवणं) हवा ते त्यावरूनच कळतं. आणि चार बग आहेत तर चार पॅच करा. दीडशे ओळींचा गठ्ठा जुन्या शाखेत बसवताना हाल होतात. मुख्य कर्नलच्या स्टेबल शाखेला तर शंभर ओळींहून मोठा पॅच चालतच नाही, आजूबाजूच्या ओळी धरून.

गुप्ततेचं म्हणाल तर मुख्य कर्नलचा सुरक्षा गट फिक्स तयार झाल्यावर साधारण ७ दिवसांपलीकडे थांबत नाही. फारच अडचण असेल तर १४. तुम्ही बाहेरचे, तुमचा गट तुम्हीच. पण 'पुढच्या रिलीजला बघू' हे उत्तर त्या ७ दिवसांत बसत नाही, एवढं बॉसला सांगा.

कंसातला | शनिवार, सकाळी ९:१०

धाग्याचं शीर्षक बदला हो आता. 'तीन ओळींचा' म्हणे.

शून्यपत्ता | रविवार, दुपारी ४:००

शीर्षक राहू दे, लाज वाटायला बरं.

पॅचचे चार भाग केले. संदेश जुनं खोड यांनी सांगितल्याप्रमाणे लिहिले. बॉसने पहिला वाचला आणि बाकीचे न वाचता होकार दिला, याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळलेलं नाही. ४.४ ची चाचणी सकाळपासून चालू आहे, अजून एकही अहवाल नाही. ग्राहकांना उद्या कळवतोय. सगळ्यांचे आभार.

जुनं खोड | रविवार, संध्याकाळी ५:२०

उत्तम. एकच विचारायचं राहिलं. उपकरण यूएसबी आहे म्हणालात. चाचणी चालू असताना केबल ओढून बघितलीत का?

शून्यपत्ता | रविवार, संध्याकाळी ५:३४

आत्ता ओढली.

धागा बंद करू नका.